गोझोची बोट

माल्टाच्या वायव्य टोकाला चिर्केव्वाचा धक्का आहे. राजधानी व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ नंबरची बस थेट तिथं नेते. पण रस्त्यात गर्दी फार, तासाहून अधिक वेळ धरा. समोरच्या गोझो बेटासाठी मी तिकीटखिडकी शोधत राहिलो आणि बोट डोळ्यांदेखत सुटली. जाताना तिकीट लागतच नाही, पैसे परतताना गोझोत घेतात, हे नंतर कळलं!

बोटी दिवसभर असतात. म्हणून मागच्या डोंगरावरचा लाल बुरूज पाहिला. सेंट जॉनच्या सरदारांनी १६४९ मध्ये पुरी केलेली ही टेहळणीची जागा. तिथून गोझो अगदी जवळ दिसतो. १५५१ मध्ये तुर्की आरमारानं तिथली जवळजवळ सारी माणसं गुलाम करून नेली होती. बराच वेळ मी तिकडंच बघत होतो.

मग बोट धरली. पंचवीस मिनिटांचा प्रवास. डेकवर टोपी सांभाळा.