पाळी आणि पोट

हुबळी-धारवाडकडे मुलीचे पोट बिघडले की पहिला आळ येतो तो गिरमिटावर, नाहीतर मिरचीच्या भज्यांवर. “बाजारात काहीतरी खाल्ले असशील,” असे आई म्हणते आणि मुलगीही मुकाट्याने मान डोलावते. परंतु हा त्रास दर महिन्याला नेमका पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच होत असेल, तर बिचाऱ्या गिरमिटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

पाळीपूर्वीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात वाढलेले असते. त्या दिवसांत कित्येकींचे पोट फुगते, शौचास साफ होत नाही. पुढे ते संप्रेरक ओसरते, गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते आणि त्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. गर्भाशयाचे स्नायू आवळून अस्तर बाहेर लोटणे हे त्यांचे काम. ओटीपोटात कळ येते ती त्यामुळेच. आतडी तर गर्भाशयाच्या शेजारीच, आणि त्यांचे स्नायूही त्याच जातीचे. तीच द्रव्ये त्यांनाही हलवितात. आतड्यातील पाणी शोषले जाण्यास उसंत मिळत नाही व शौचास पातळ होते. काहींना मळमळ होते, उलटीही होते. यात विटाळ नाही आणि कोणाचा दोषही नाही.

गंमत अशी की, १९३० नंतरच्या दशकात स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनी या द्रव्याला नाव दिले ते पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून! १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखविले की, ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन यांनी पाळीची कळ थांबते ती याच रीतीने. कधीकधी जुलाबही कमी होतात. मात्र ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये, आणि जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच घेऊ नये.

खरे नुकसान होते ते आपल्या घरगुती उपायाने, म्हणजे उपासाने. त्यात शाळेतील मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वर्गातून उठून बाहेर जाण्याची परवानगी कशी मागायची, आणि मिळाली तरी शौचालयाच्या दाराला कडी असेल की नाही, ही त्यांची चिंता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना महिन्याला १ दिवस भरपगारी पाळी-रजा देण्याचे धोरण मंजूर केले; वर्गातील मुलीला निदान एक कडी आणि एक तांब्याभर पाणी तरी मिळावे. जुलाब होत असता पाणी तोडले तर घेरी येणारच. मऊ भात, ताक, ज्वारीची आंबील खुशाल द्यावी. कडक चहा-कॉफी व तिखट दोन दिवस कमी करावे. जुलाब फार झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मिठाचे माप वाढवू नये.

परंतु प्रत्येक दुखणे पाळीच्या खात्यावर टाकणेही बरे नव्हे. शौचावाटे रक्त, ताप, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, वजनातील घट, अथवा पाळीत शौचाच्या वेळी जीवघेणी कळ असेल, तर तपासणी हवी. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक कधी बाहेर, आतड्यांवरही वाढते. त्यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. “लग्न झाले की थांबेल” या सल्ल्यावर पुष्कळ मुली वर्षानुवर्षे हा आजार सोसतात. घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर ३ महिने पाळीच्या तारखा आणि पोट बिघडल्याचे दिवस यांवर खूण करावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती पाने बरोबर न्यावीत.