तक्रार ‘निकाली’ निघाली; निवारण झाले काय?

घोडागाडीच्या काळात पाश्चात्त्य देशांत गाडीवानाच्या पुढ्यात लाकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी बसविलेली असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. तिला ‘डॅशबोर्ड’ म्हणत. पुढे मोटार आली, घोडा गेला. पण नाव टिकले आणि त्या फळीवर वेग व इंधन दाखविणारे काटे बसले. आज तोच शब्द संगणकाच्या पडद्यावर येऊन स्थिरावला आहे. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, महापालिका आणि सरकारी खाती यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी व अभिप्राय आता अशा फलकावर मांडले जातात. किती आले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत, हे वरिष्ठ अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. प्रश्न एवढाच, की हा फलक पुढचा रस्ता दाखविण्यासाठी आहे, की उडणारा चिखल अडविण्यासाठी?

या नव्या साधनाची उपेक्षा करण्याचे कारण नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. जुन्या व्यवस्थेत अर्ज आवक बारनिशीत नोंदला जाई, आणि त्यानंतर तो कोणत्या मेजावर, कोणत्या फायलीखाली विसावला, हे सांगणे कठीण असे. तक्रारपेटीला कुलूप असे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच ठाऊक नसे. अर्जदाराने हेलपाटे घालावेत आणि कारकुनाने ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. फलकाने निदान अर्जाला क्रमांक दिला, त्याचा ठावठिकाणा दिला आणि विलंबाला साक्षीदार दिला. ही सुधारणा क्षुल्लक नव्हे.

केंद्र सरकारने २००७ मध्ये लोकतक्रारींसाठी संगणकीय प्रणाली सुरू केली. तीत तक्रार निकाली काढण्याची मुदत आरंभी ६० दिवसांची होती. ती २०२१ मध्ये ४५, २०२२ मध्ये ३० आणि २०२४ मध्ये २१ दिवसांवर आणण्यात आली. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘आपले सरकार’ ही व्यवस्था आली आणि त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदाही झाला. मुदती आखडत गेल्या, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु मुदत आखडली की काम वेगाने होते, असे गृहीत धरण्यात एक धोका आहे. काम वेगाने होण्याऐवजी केवळ नोंद वेगाने होऊ शकते.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. एका निवृत्त शिक्षकाच्या सेवापुस्तकात एका वर्षाची नोंद राहून गेली आहे आणि त्यामुळे त्यांचे निवृत्तिवेतन कमी बसले आहे. ते तक्रार करतात. विसाव्या दिवशी उत्तर येते : ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे अग्रेषित करण्यात आला आहे. तक्रार निकाली.’ फलकावर लाल ठिपका हिरवा झाला. गुरुजींच्या खात्यात मात्र एक रुपयाही वाढला नाही. त्यांनी पुन्हा अर्ज केला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि नवे दिवस पहिल्यापासून मोजले जातात. वर्षभरात चार अर्ज झाले, तर फलक म्हणेल : चार तक्रारी आल्या, चारही मुदतीत निकाली निघाल्या. गुरुजी म्हणतील : एकच तक्रार होती आणि ती अजून तशीच आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. निकाली निघणे आणि निवारण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

यात मेजावरच्या कारकुनाला खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. सेवापुस्तक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. मुदत मात्र त्याच्या डोक्यावर आहे. ज्याला दोष दूर करता येत नाही, पण ज्याच्याकडून हिरव्या ठिपक्याचा हिशेब मागितला जातो, तो दुसरे काय करणार? चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखवून दिले, की एखाद्या आकड्याच्या आधारे नियंत्रण करू लागताच त्या आकड्याची विश्वासार्हता ढासळू लागते. शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. निकालाची टक्केवारी हेच शाळेचे ध्येय झाले, की अपेक्षित प्रश्नांची घोकंपट्टी सुरू होते. टक्केवारी वाढते आणि विद्या मागे राहते.

सरासरी हा असाच एक फसवा आकडा. समजा, एका कार्यालयाने दहा तक्रारींपैकी नऊ प्रत्येकी ५ दिवसांत मिटविल्या आणि दहावीला १०५ दिवस लावले. सरासरी निघते १५ दिवसांची! फलकावर हा आकडा शोभून दिसेल. पण ती दहावी तक्रार बहुधा अशा माणसाची असते, ज्याचे कागद अपुरे आहेत, ज्याच्या ओळखीचे कोणी नाही, ज्याचे काम किचकट आहे. व्यवस्थेची खरी कसोटी त्याच्याच बाबतीत लागते आणि सरासरी नेमके त्यालाच झाकून टाकते. शिवाय ज्याने तक्रारच केली नाही, त्याचे काय? अर्ज भरता न येणारा, मोबाईल नसलेला, किंवा ‘करून काय उपयोग’ म्हणून गप्प बसलेला माणूस फलकावर कोठेच नसतो. तक्रारी कमी आल्या याचा अर्थ समाधान वाढले असा होतोच असे नाही. लोकांची आशा सुटली, असाही होऊ शकतो.

तक्रारींच्या विश्लेषणाचा खरा उपयोग वेगळाच आहे. एकच गाऱ्हाणे शेकडो ठिकाणांहून येऊ लागले, की दोष माणसात नसून पद्धतीत आहे, हे ओळखता आले पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचेच पाहा. बँकेत जाण्याची यातायात वाचावी म्हणून २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आली. परंतु वार्धक्याने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या; यंत्राला ठसा ओळखता येईना. अशी प्रत्येक अडचण सुटी सुटी ‘निकाली’ काढता आली असती. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, तेव्हा मुळातल्या अडचणीलाच वाट मिळाली. शंभर तक्रारींना शंभर उत्तरे देण्यापेक्षा एकशे एकावी येऊच नये अशी तजवीज करणे, याला पाठपुरावा म्हणतात.

मग करावे काय? तक्रार बंद झाली, हे म्हणण्याचा अधिकार तक्रारदाराकडे असावा. ज्याचे पाऊल दुखते, त्यालाच काटा निघाला की नाही हे कळते. ही कल्पना अव्यवहार्य नाही. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. केंद्राच्या लोकतक्रार प्रणालीतही अपिलाची तरतूद आहे आणि तक्रारदाराचा अभिप्राय दूरध्वनीवरून विचारण्याची व्यवस्था २०२२ पासून करण्यात आली. या असमाधानाला फलकावर गौण नव्हे, तर पहिले स्थान मिळावे. पुन्हा आलेल्या तक्रारी किती, सर्वांत जुनी तक्रार किती दिवसांची आणि यंदा कोणता नियम तक्रारींमुळे बदलला, हे तीन रकाने प्रत्येक कार्यालयाने लोकांसमोर मांडावेत.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दशकभर आधीच, १९७०च्या दशकाच्या मध्यास, पुण्यामुंबईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली होती. तिच्याजवळ संगणक नव्हते. ग्राहकाचे म्हणणे हा उपद्रव नसून हक्क आहे, ही धारणा होती. ती धारणा नसेल, तर अद्ययावत फलकसुद्धा जुन्या फळीचेच काम करील. गाडीवानाचे कपडे स्वच्छ राहतील आणि रस्त्यावरचा खड्डा तसाच राहील. चिखल अंगावर आला, तरच रस्ता दुरुस्त करावा असे कधीतरी वाटते.