धानाला पाणी कधी द्यायचं?

खुर्सीपारच्या शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना. १९२१ साली पुरं झालेलं तांदुळा धरण या कारखान्यालाही पाणी देतं आणि आपल्या भागातल्या धानालाही. म्हणून बांधीत गरज नसताना साचलेलं पाणी मला खटकतं.

धान सतत पाण्यात उभं राहिल्याशिवाय पिकत नाही, हा समज चुकीचा. साचलेल्या पाण्याने तण दबतं, हा त्याचा मोठा उपयोग. त्यामुळे रोवणीनंतर दोन आठवडे पाणी ठेवाच. पुढे नळी लावा.

३० सेंटिमीटर लांबीचा, हात आत जाईल एवढा रुंद प्लास्टिकचा पाइप घ्या. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं पाडा, तेवढा भाग सपाट जागी चिखलात ठोका आणि आतली माती काढून टाका. (हे लोक हमखास विसरतात!) आत दिसेल ती जमिनीखालच्या पाण्याची पातळी. ती जमिनीपासून १५ सेंटिमीटर खाली गेली की मगच पाणी सोडायचं, तेही ५ सेंटिमीटर उभं राहील इतकंच. ही पद्धत फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पसरवली. नीट पाळली तर ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं, उतारा घटत नाही.

धान निसवताना मात्र हात आखडू नका. फुलोऱ्याच्या आधी-नंतर एकेक आठवडा पाणी उभंच हवं, नाहीतर दाणे पोचट राहतात. आणि कन्हार, म्हणजे काळी भारी जमीन असेल तर भेगांवर नजर ठेवा. भेगांतून पाणी सरळ खाली निघून जातं. भेग दिसू लागली की नळी काहीही सांगो, पाणी द्या.