गारपिटीचा अरुंद पट्टा व मेघांतील फिरता ऊर्ध्वप्रवाह

गारपीट होऊन गेली म्हणजे गांवोगांवीं एकच प्रश्न उठतो. बांधाच्या अलीकडील गहूं जमीनदोस्त झालेला असतो, द्राक्षवेलींवर पान उरलेलें नसतें, आणि कोसभर पलीकडे हरभऱ्याचा एक घाटाही गळलेला नसतो. असें कां व्हावें? कोणी यास दैव म्हणतो. कोणी शेजाऱ्याचें नुकसान खोटें ठरवितो. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. लगतच्या गांवांचे नकाशे एकापुढें एक मांडून त्यांवर गारपिटीच्या पंचनाम्यांतील गटांच्या खुणा केल्या असतां त्या बहुधा एका लांब व अरुंद पट्ट्यांत येतात, ही गोष्ट आमच्या पाहण्यांत वारंवार आली आहे. हा पट्टा कोणाच्या मर्जीनें पडत नाहीं. त्याचें मूळ मेघाच्या पोटांत असतें. अतिशय उग्र मेघांत तें मूळ म्हणजे स्वतःभोंवतीं फिरत फिरत वर चढणारा हवेचा स्तंभ होय. तो कसा उत्पन्न होतो, कसा वागतो, आणि शेतकऱ्यानें त्यावरून काय उमजावें, हें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

साधा वळवाचा मेघ

प्रथम नेहमींचा वळीव पाहूं. उन्हानें तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते. चढतां चढतां ती थंड होते व तिच्यांतील वाफेचे जलकण बनतात. वाफेचें पाणी होतांना तींत सांठलेली उष्णता बाहेर पडते; त्यामुळें ती हवा भोंवतालच्या हवेपेक्षां उबदारच राहते आणि आणखी वर जाते. वर जाणाऱ्या या ओघास आम्ही ऊर्ध्वप्रवाह म्हणूं. मेघाचें सारें आयुष्य याच प्रवाहावर चालतें.

साध्या मेघांत हा प्रवाह सरळ उभा असतो. वर तयार झालेला पाऊस त्याच वाटेनें खालीं येतो, आपणाबरोबर थंड हवा ओढून आणतो, आणि ज्या वाटेनें मेघास दमट हवा मिळत होती तीच वाट बुजवितो. म्हणून असा मेघ अर्ध्या ते एका तासांत आपल्याच पावसानें विझतो. अमेरिकेंत १९४६ सालीं फ्लोरिडांत व १९४७ सालीं ओहायोंत होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखालीं विमानें मेघांत घालून मोठी पाहणी झाली. तींत मेघाच्या वाढीची, भराची व ऱ्हासाची अशा तीन अवस्था स्पष्ट दिसून आल्या. मग जो मेघ कित्येक तास जगतो व एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत गारा पाडीत जातो, त्यास असें काय वेगळें मिळतें?

फिरकी कोठून येते

याचें उत्तर वाऱ्यांत आहे. कांहीं दिवशीं जमिनीलगतचा वारा आग्नेयेकडून मंद वाहत असतो, आणि पांच-सहा किलोमीटर उंचीवर तोच पश्चिमेकडून अतिशय जोरानें वाहत असतो. उंचीगणिक वाऱ्याचा वेग व दिशा यांत जो हा फरक पडतो, त्यांतच फिरकीचें बीज आहे. ज्वारीचें ताट दोन तळव्यांमध्यें आडवें धरावें, खालचा तळवा स्थिर ठेवावा व वरचा पुढें सारावा. ताट आपल्या आंसाभोंवतीं गरगर फिरतें. खालचा वारा मंद व वरचा जलद असला म्हणजे त्या दोहोंमधील हवेची गत तशीच होते. ती आडवी फिरत असते, परंतु डोळ्यांस दिसत नाहीं.

अशा फिरत्या हवेचा मधला भाग ऊर्ध्वप्रवाहानें उचलला म्हणजे तिची कमान होते. कमानीचे दोन्ही पाय उभे असतात. एक घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो, दुसरा त्यांच्या उलट. याप्रमाणें आडवी फिरकी उभी होते. अशा वेळीं कधीं कधीं एका मेघाचे दोन मेघ होऊन एक उजवीकडे व दुसरा डावीकडे जातो. जोसेफ क्लेम्प व रॉबर्ट विल्हेल्मसन यांनीं १९७८ सालीं संगणकावर गणित मांडून हें दुभंगणें दाखवून दिलें.

वारा उंचीबरोबर आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम असा वळत गेला असेल, तर उत्तर गोलार्धांत उजवीकडील मेघ बलवत्तर होतो. मेघांत शिरणारी हवा त्या वेळीं आपल्या वाटेच्याच आंसाभोंवतीं फिरत आंत येते. सुताराचें गिरमिट ज्या दिशेनें लांकडांत शिरतें त्याच दिशेच्या आंसाभोंवतीं फिरतें, तसाच हा प्रकार. मग केवळ एक कडा नव्हे, तर सबंध ऊर्ध्वप्रवाहच फिरूं लागतो. या फिरत्या स्तंभाची रुंदी साधारणपणें ३ ते १० किलोमीटर असते. त्यास शास्त्रज्ञ मेसोसायक्लोन म्हणतात, व असा स्तंभ ज्याच्या पोटांत टिकून राहतो त्या मेघास सुपरसेल म्हणतात. हें दुसरें नांव इंग्लंडमधील कीथ ब्राउनिंग यांनीं दिलें. ९ जुलै १९५९ रोजीं दक्षिण इंग्लंडांत वोकिंगहॅम गांवावरून गारा पाडीत गेलेल्या मेघाचा अभ्यास त्यांनीं फ्रँक लडलम यांच्यासह रडारच्या साह्यानें केला व तो १९६२ सालीं प्रसिद्ध झाला.

फिरकीनें काय होतें

ताक घुसळतांना रवीभोंवतीं मधोमध खळगा पडतो, हें घरोघर पाहण्यांत आहे. हवा फिरूं लागली म्हणजे तिच्याही मध्याशीं दाब कमी होतो. ही फिरकी मेघाच्या मधल्या उंचीवर अधिक जोराची असल्यामुळें तेथील कमी दाब खालची हवा वर ओढून घेतो. अर्थात् ऊर्ध्वप्रवाहास उष्णतेच्या बळाखेरीज हें दुसरें बळ मिळतें. उग्र मेघांत त्याचा वेग ताशीं १५० किलोमीटरांहूनही अधिक होतो.

दुसरी गोष्ट, वरचे जोरकस वारे पावसास बाजूला वाहून नेतात. पाऊस एकीकडे पडतो व दमट हवेची वाट दुसरीकडे मोकळी राहते. म्हणून हा मेघ आपल्या पावसानें विझत नाहीं. रडारवर अशा मेघाच्या पोटांत एक पोकळी दिसते. तेथें हवा इतक्या वेगानें चढत असते कीं, थेंब मोठे होण्यास अवधीच मिळत नाहीं.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत धरावी. नवीन ऊर्ध्वप्रवाह मेघाच्या उजव्या अंगास वाढत जातो. त्यामुळें असा मेघ इतर ढगांच्या वाटेनें न जातां उजवीकडे कलतो व बहुधा त्यांच्याहून मंद चालतो. फाल्गुन-चैत्रांत आपल्याकडे वरचे वारे बहुतकरून पश्चिमेकडून असतात. तेव्हां पूर्वेकडे निघालेला असा मेघ दक्षिणेकडे वळूं शकतो. आपलें गांव त्याच्या वाटेच्या दक्षिणेस आहे म्हणून निर्धास्त राहूं नये.

आतां गारांकडे वळूं. शून्याखालीं सुमारें १० ते ३० अंश सेंटिग्रेड थंडीच्या थरांत पाण्याचे कण न गोठतां द्रवरूपानेंच तरंगत असतात. बर्फाचा लहानसा कण त्यांच्यांतून जातांना ते त्यावर थिजतात व गार वाढते. ती किती वाढेल, हें तिला किती वेळ वर तोलून धरलें जातें यावर अवलंबून आहे. लिंबाएवढी गार तोलण्यास ताशीं ९० ते १०० किलोमीटर वेगाचा ऊर्ध्वप्रवाह लागतो. तिचें वजन प्रवाहास पेललें नाहीं, किंवा ती प्रवाहाच्या कडेस आली, कीं ती खालीं पडते. स्तंभ थोडक्या किलोमीटरांचा, आणि त्यास धारण करणारा मेघ तासन्‌तास चालणारा. म्हणून जमिनीवर उमटणारी खूणही थोडी रुंद व फार लांब. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

सोंड, वावटळ व चक्रीवादळ

येथें तीन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये. माळावर उन्हांत उठणारी वावटळ तापलेल्या जमिनीपासून निघते. तिचा मेघाशीं संबंध नसतो. समुद्रावरील चक्रीवादळ शेंकडों किलोमीटर रुंद असतें व कित्येक दिवस टिकतें. आम्ही वर्णिलेला स्तंभ एका मेघापुरता असतो. त्याच्या मागील अंगानें उतरणारी हवा जमिनीजवळील फिरकीस वेढा घालून ती आवळते, तेव्हां क्वचित् मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत सोंड उतरते. दोरीस बांधलेला खडा फिरवीत दोरी बोटाभोंवतीं गुंडाळूं दिली, तर दोरी आंखूड होतांच खडा अधिक वेगानें फिरतो. सोंडेचा वेग याच न्यायानें वाढतो. यूनियन सिटी, ओक्लाहोमा येथें २४ मे १९७३ रोजीं सोंड जमिनीस टेंकण्यापूर्वींच डॉप्लर रडारनें उंचावरील फिरकी पाहिली. पूर्वसूचना देण्याच्या आशेस तेथून बळ आलें. तथापि बहुतेक फिरते स्तंभ सोंड न उतरतांच विरून जातात.

वंगभूमींत चैत्र-वैशाखांत खालून बंगालच्या उपसागराची दमट हवा व वरून पश्चिमेची कोरडी व जोराची हवा असा संयोग होतो. बांगलादेशांत मानिकगंज जिल्ह्यांतील दौलतपूर व साटुरिया या भागांवर २६ एप्रिल १९८९ रोजीं उतरलेल्या सोंडेनें सुमारें १,३०० माणसें मेलीं. जगांतील नोंदींत याहून अधिक प्राणहानि करणारी सोंड नाहीं. त्याच देशांत गोपालगंज जिल्ह्यांत १४ एप्रिल १९८६ रोजीं १.०२ किलोग्रॅम वजनाची गार पडली.

आपल्या महाराष्ट्रांत अशा सोंडा विरळा; भय गारांचें. माघ-फाल्गुनांत वरच्या पश्चिमी वाऱ्यांचा झोल दक्षिणेकडे उतरतो व त्याच सुमारास खालून समुद्राची दमट हवा येते, तेव्हां गारपिटीचा योग जुळतो. सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हा योग वारंवार जुळून आला. गहूं, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षें व डाळिंबें यांची केवढी हानि झाली, हें वाचक विसरले नसतील. अर्थात् प्रत्येक गारपीट फिरत्या मेघाचीच असते असें नाहीं. साधे मेघही लहान गारा पाडतात, आणि ओळीनें येणारे मेघही पाडतात. परंतु मोठ्या गारांचा लांब पट्टा दिसला, तर फिरत्या ऊर्ध्वप्रवाहाचा संशय प्रथम घ्यावा.

शेतकऱ्यानें काय करावें

भारतीय हवामान खातें पुढील तीन तासांपुरता तातडीचा इशारा देतें. तो पाहण्याची संवय ठेवावी. त्याबरोबर आकाशही वाचावें. मेघ इतरांपासून वेगळा उभा आहे, कडा फुलकोबीसारख्या टणक दिसतात, माथा ऐरणीसारखा पसरला आहे, आणि तळाचा एक भाग पावसाविना काळा असून संथपणें फिरत आहे, अशीं लक्षणें एकत्र दिसलीं तर तो साधा वळीव समजूं नये. साधा मेघ जवळ येतांना थंड वारा आपल्या अंगावर सोडतो. हा मेघ कांहीं वेळ उबदार वारा आपल्याकडे ओढून घेतो. वारा मेघाच्या दिशेनें वाहत असेल, तर काढणीचा माल झांकावा, जनावरें गोठ्यांत घ्यावीं व माणसांनीं पक्क्या घरांत जावें. झाडाखालीं उभे राहूं नये. गारांबरोबर वीजही असते.

गारा थांबविण्यासाठीं तोफा उडविण्याचा उपाय पुष्कळांस मोहवितो. ऑस्ट्रियांतील स्टायरिया प्रांतीं आल्बर्ट स्टिगर यांनीं १८९६ सालीं अशा तोफा उभारल्या, व थोड्याच वर्षांत युरोपांत त्यांचा प्रसार झाला. परंतु कसोटीस त्या उतरल्या नाहींत. कित्येक किलोमीटर रुंद व ताशीं शेंकडों किलोमीटरांच्या घरांत वेग गांठणारा प्रवाह आवाजानें मोडत नाहीं. तोच पैसा फळबागेवरील जाळीस लावावा.

शेवटीं दप्तराची गोष्ट. पैसेवारी ही गांवाची सरासरी सांगते, आणि गारपीट सरासरीनें पडत नाहीं. गांवाच्या दहा गटांचें सर्वस्व गेलें व बाकीचे बचावले, तर सरासरींत त्या दहांचें दुःख दिसतच नाहीं. म्हणून गारा वितळण्यापूर्वींच प्रत्येकानें त्या रुपयाच्या नाण्याशेजारीं ठेवून छायाचित्र घ्यावें; गट नंबर, पीक, तारीख व वेळ लिहून ठेवावी; मेघ कोणत्या दिशेनें आला व कोठें गेला हेंही नोंदवावें. ज्यांचें पीक वांचलें त्यांनींही आपला गट निर्बाध असल्याचें सांगावें, कारण त्यायोगेंच पट्ट्याची कडा ठरते. चार गांवांच्या अशा नोंदी नकाशावर मांडल्या, तर पट्टा आपोआप उघड होईल. मग कोसभर अंतरावरील दोन शेतकऱ्यांपैकीं एकास खोटा ठरविण्याचें कारण उरणार नाहीं. हें काम आमच्या मंडळाच्या प्रत्येक गांवशाखेनें येत्या माघापूर्वीं वांटून घ्यावें, अशी आमची सभासदांस विनंती आहे.