स्किझोफ्रेनिया: आजाराच्या अवस्था आणि धडगावची वाट

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा मेंदूच्या कामकाजातील बिघाडातून उद्भवणारा गंभीर मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो, स्त्रियांत काही वर्षे उशिरा. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, गांजाच्या सेवनाने धोका वाढतो. मात्र आईबापांच्या वागण्यामुळे तो होत नाही.

पहिली अवस्था पूर्वलक्षणांची. ती काही आठवडे चालते, कधी काही वर्षेही. आश्रमशाळेत चांगले गुण मिळवणारा मुलगा अभ्यासातून अंग काढून घेतो, मित्रांना टाळतो, रात्ररात्र जागतो, कारण नसताना संशय घेतो. घरचे याला आळस समजतात आणि सगळ्यात मोलाचा काळ इथेच हातचा जातो.

दुसऱ्या, तीव्र अवस्थेत भास आणि भ्रम उघड होतात. कोणी नसताना आवाज ऐकू येतात; ते आपल्याविषयी आपसांत बोलतात, हुकूम सोडतात. शेजारी विष घालतात अशी खात्री पटते, मग समोरची भाकरी आधी आईने खाऊन दाखवल्याशिवाय मुलगा घास घेत नाही. बोलण्याचा धागा तुटतो.

सातपुड्यातील धडगाव तालुक्यात, पावरा आणि भिल्ल वस्तीत, हे ओळखताना जास्त जपावे लागते. होळीच्या नवसाची पाळणी करणारे बावा-बुध्या काही दिवस अंघोळ करत नाहीत, जमिनीवर झोपतात. हा आजार नव्हे. ते व्रत साऱ्या समाजाला ठाऊक असते आणि ठरल्या दिवशी संपते. भ्रम मात्र एकट्याचा असतो, तो घरच्यांनाही परका वाटतो आणि माणसाचे काम, झोप, जेवण मोडून टाकतो. याच भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिच्यावर आजाराचा दोष टाकण्याची क्रूर प्रथा आहे. तिथे आजारी माणूस उपचाराविना राहतो आणि निरपराध बाई मार खाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरवला आहे.

तिसऱ्या, उर्वरित अवस्थेत आवाज ओसरतात, पण उत्साह, बोलणे, चेहऱ्यावरचे भाव आटतात. लक्ष आणि स्मरणही मंदावते. लोकांना ‘आता शांत झाला’ असे वाटते. प्रत्यक्षात याच काळात आधाराची गरज सर्वांत जास्त असते.

निदानापूर्वी नशा, अपस्मार, मेंदूचा संसर्ग यांची शक्यता तपासतात. औषधांनी भास-भ्रम बहुतेकांत आटोक्यात येतात. ती अचानक सोडली तर आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. धडगावची खरी अडचण इथे आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि गोळ्यांचा क्रम तुटतो. अशांसाठी काही आठवडे परिणाम टिकणारी इंजेक्शने उपयोगी पडतात. स्थलांतराआधीच डॉक्टरांना तसे सांगणे म्हणूनच गरजेचे.

औषधाइतकीच घरच्यांची समज महत्त्वाची. मूळचे धुळ्याचे, कॅल्गरीत सांख्यिकीचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात रुग्ण-कुटुंबांसाठी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. या आजारावरचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट २००४ साली आला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही सल्ला मिळतो.