अधिवेशन उठल्यावर काठ कोणाचा?

नागपूरहून जबलपूरला मोटारीने निघालं की सिवनी, लखनादौन, धूमा मागे पडतात आणि बरगी येते. एक फाटा धरणाकडे वळतो. सरळ गेलं तर थोड्याच वेळात तिलवाऱ्याचा पूल लागतो आणि गाडीतली वडीलधारी माणसं न सांगता हात जोडतात. नर्मदा इथे दोनदा भेटते. धरणापाशी अडवलेली, क्षितिजापर्यंत पसरलेली. आणि पुलाखाली दगडांमधून वाट काढत वाहणारी.

बरगीला मध्य प्रदेश पर्यटन विभागाचं मैकल रिसॉर्ट आहे, नौकाविहार आहे. समोर एवढं पाणी दिसलं की हल्ली कुणालाही पुढची कल्पना सुचते: इथे एक भव्य अधिवेशन केंद्र का नको? काचेच्या भिंती, दोन-तीन हजारांचं सभागृह, परिषदा, लग्नं, प्रदर्शनं. देशभर नद्या-तलावांच्या काठांवर अशी स्वप्नं पाहिली जात आहेत. म्हणून पाण्याकाठी माणसं मोठ्या संख्येने जमवणारी वास्तू शहराला काय देते आणि त्याचं काय घेते, हे पाहण्याची वेळ आत्ताच आहे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. या देशातलं एक फार मोठं अधिवेशन याच नदीच्या काठी, तिलवाऱ्याजवळ भरलं होतं.

मार्च १९३९. काँग्रेसचं ५२वं अधिवेशन, त्रिपुरी. आज तेवर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव एकेकाळी कलचुरींची राजधानी होतं. मराठी वाचकाला त्रिपुरी आठवते ती सुभाषबाबूंमुळे. पट्टाभि सीतारामय्यांच्या १३७७ मतांविरुद्ध १५८० मतं मिळवून ते अध्यक्ष झाले, पण अधिवेशनाला आले ते तापाने फणफणलेले. त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं आणि त्यांचं भाषण त्यांचे थोरले बंधू शरदबाबूंनी वाचून दाखवलं. अध्यक्षांचे हात बांधणारा पंत ठराव आणि सुभाषबाबूंचा एप्रिलअखेरचा राजीनामा हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला इथे बोलायचं आहे ते त्या जागेबद्दल.

स्वागताध्यक्ष सेठ गोविंददास होते. नदीजवळ एक आख्खं नगर उभं राहिलं. त्याला विष्णुदत्त नगर असं नाव दिलं होतं. ५२व्या अधिवेशनासाठी ५२ हत्तींची मिरवणूक निघाली आणि अध्यक्ष आजारी म्हणून रथात त्यांची तसबीर ठेवली. हजारो प्रतिनिधी आणि त्यांच्या कितीतरी पट बघे, एवढ्या सगळ्यांच्या राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय करायची, म्हणजे काही दिवसांपुरतं शहरच वसवायचं. काँग्रेसने ही विद्या नुकतीच कमावली होती आणि तिचा पहिला धडा आपल्या खानदेशात गिरवला गेला. डिसेंबर १९३६ला फैजपूरला पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी गावात मिळणाऱ्या साहित्यातूनच नगर सजवलं. पुढे फेब्रुवारी १९३८मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला तापीच्या काठी विठ्ठलनगर उभं राहिलं. तिथले नंदलालबाबूंचे चित्रफलक आज भारतीय कलेचा ठेवा मानले जातात. बांबू, तट्टे, गवत, खादी हा या नगरांचा माल आणि गावचे कारागीर हेच त्यांचे बांधकाम-व्यावसायिक.

तारखा पाहा. फेब्रुवारी, मार्च. पावसाळा सरून पाणी उतरलेलं असतं आणि पुढचा पूर यायला चार महिने असतात. त्या मुदतीत नदीने मोकळी केलेली जमीन माणसाने वापरायची आणि पाऊस येण्याआधी परत करायची. आपल्याकडच्या जत्रा, प्रयागचा कुंभमेळा, पंढरीच्या वाळवंटातली कीर्तनं याच हिशेबाने चालत आली आहेत. काठावर मुक्काम असतो, मालकी नसते. मला वाटतं, पाण्याकाठच्या वास्तुकलेचं आपलं मूळ व्याकरण हेच आहे.

आता आधुनिक अधिवेशन केंद्राचा पिंड पाहू. त्याला प्रचंड, खांब नसलेली दालनं लागतात. मालाचे ट्रक थेट आत यायला हवेत. स्वयंपाकघरं, वातानुकूलनाची यंत्रं, शेकडो गाड्यांचा तळ हवा. दर्शनी बाजू कितीही सुंदर केली तरी उरलेल्या बाजू आंधळ्या भिंतींच्या होतात. शिवाय कार्यक्रम नसेल त्या दिवशी दरवाजे बंद. एरवी शहरात हे खपून जातं. नदीकाठी मात्र त्या बंद दरवाजामागे सगळ्यांची नदी अडकते. रोज सकाळी पाण्यावर येणारा म्हातारा, कपडे धुणारी बाई, होडीवाला, फुलं-दिवे विकणारी पोरं, यांच्या वाट्याला कुंपण येतं.

हे टाळता येतं आणि ज्यांनी टाळलं त्यांची उदाहरणं ठोस आहेत. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशन केंद्राची नवी इमारत २००९ साली झाली. तिचा काही भाग पाण्यात रोवलेल्या खांबांवर आहे आणि छतावर सहा एकरांचं गवताळ रान आहे. ते छत सर्वांना खुलं नाही. पण इमारतीच्या पाण्याकडच्या अंगाला शहराची पायवाट अखंड जाते. आत परिषद चालू असो वा नसो, बाहेर लोक फिरत, धावत असतात.

आपल्या देशात हे काम चार्ल्स कोरिया यांनी त्याआधी पाव शतक करून दाखवलं, तेही दोनदा.

पहिलं मध्य प्रदेशातच, भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी. भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ला सुरू झालं. रस्त्यावरून गेलात तर इमारत जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती गच्ची, हिरवळ आणि त्यापलीकडे तलाव. कोरियांनी वास्तू टेकडीच्या उतारात खाली बसवली. जसजशा पायऱ्या उतरत जावं तसतशी अंगणं उघडतात. एका अंगणातून संग्रहालय, दुसऱ्यातून नाट्यगृह, पुढे कवितेचं ग्रंथालय आणि शेवटी तलावासमोर ‘बहिरंग’ हे उघड्यावरचं रंगस्थळ. नाटकाच्या मागे पडदा नसतो, पाणी असतं. ब. व. कारंत यांचं रंगमंडळ आणि जे. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांना आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने दिलेली जागा यांनी भारत भवन गाजलं, हे खरंच. पण लोक गच्चीवर नुसते तलाव बघायलाही येऊ लागले, हे यशही मी तितकंच मोठं मानतो.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, पणजीच्या कांपालवरची कला अकादमी. १९८३ साली पूर्ण झालेली ही इमारत ठेंगणी, पसरट आहे. मांडवीच्या काठावरच्या झाडांच्या वर ती मान काढत नाही. रस्त्याच्या बाजूने जाळीदार मांडवाखालून आत शिरायचं आणि चालत चालत थेट नदीवर निघायचं. मधला मोठा व्हरांडा म्हणजे गावातला सोपाच. तिकीट नाही, नाटक नाही, तरी कट्ट्यावर बसता येतं. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी चितारलेले प्रेक्षक आधीच बसलेले असतात. २००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात स्थिरावला आणि या काठाने पाहुण्यांची गर्दी पेलली. पण महोत्सवाच्या आधी आणि नंतर तो पणजीकरांचाच होता. म्हणूनच नूतनीकरणाच्या काळात, जुलै २०२३मध्ये, तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं तेव्हा अख्खा गोवा हळहळला.

आता पुन्हा बरगीला येऊ, कारण इथे आणखी एक अडचण आहे आणि ती भोपाळ-पणजीच्या मानाने कितीतरी मोठी. या जलाशयाला काठ एक नाही. हा जलाशय, म्हणजे राणी अवंतीबाई लोधी सागर, पूर्ण भरतो तेव्हा पातळी ४२२.७६ मीटरवर असते. उन्हाळ्यात ती कमीत कमी ४०३.५५ मीटरपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणजे जवळजवळ १९ मीटरचा फरक, सहा मजली घराएवढा. सप्टेंबरात ज्या पायरीवर पाणी चुबकतं, तिथे मे महिन्यात उभं राहा. समोर भेगाळलेला गाळ, पांढुरके पडलेले झाडांचे बुंधे, दगडांवर एकाखाली एक उतरत गेलेल्या पाण्याच्या रेघा, आणि खूप खाली, दूर, पाणी. काचेच्या सभागृहातून वर्षातले कित्येक महिने हेच दिसणार. याच राज्यात इंदिरा सागरच्या हनुवंतिया इथे २०१६पासून जल महोत्सवासाठी तंबूंचं नगर उभारतात आणि मग उचलतात. जलाशयाच्या स्वभावाला हा मार्ग अधिक मानवतो. त्रिपुरीचं शहाणपण त्यात आहे.

खालच्या अंगाला दुसरी गोष्ट. धरणाला २१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की जबलपूरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. एरवी त्याच घाटावर संध्याकाळी आरती होते, द्रोणातले दिवे प्रवाहात सोडले जातात, नावाडी पलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे माणसं नेतात. घाट बुडतो, उघडा पडतो, धुतला जातो आणि पुन्हा वापरात येतो. पायऱ्यांची ही वास्तू पाण्याच्या प्रत्येक पातळीला काठ देते. नर्मदेच्या लगत ३०० मीटरच्या आतील बांधकामांचा वाद जबलपूरच्याच उच्च न्यायालयात गेला, यावरून इथल्या लोकांना काठाची किती काळजी आहे ते कळतं.

आणि परिक्रमा. नर्मदेच्या काठाचा सर्वांत जुना हक्कदार परिक्रमावासी आहे. नदी ओलांडायची नाही, तिला उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, हा त्याचा नियम. महाराष्ट्रातून दर वर्षी कितीतरी माणसं ही वाट चालतात. बरगीच्या जलाशयाने ती वाट आधीच पाण्यापासून दूर ढकलली आहे. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या १६२ गावांनी या पाण्यासाठी जमीन दिली आणि त्यांतल्या अनेकांची घरं तळाशी आहेत. त्या पाण्याकडे तोंड करून उत्सवाचं सभागृह बांधायचं असेल तर पहिली खुर्ची कोणाची, हे ठरवायला फार विचार करावा लागू नये. मासेमारी, नौका, दुकानं, व्यवस्थापन यांत विस्थापित कुटुंबांचा वाटा आधी लिहून घ्यावा, आराखडा मग काढावा.

माझं मागणं साधं आहे. बरगीला किंवा जबलपूरच्या काठाला काही बांधायचंच असेल, तर कागदावर पहिली रेघ सभागृहाची ओढू नका. आधी पूररेषा काढा, तिच्या आतून माणसाला अनवाणी चालता येईल अशी अखंड पायवाट काढा, घाटाच्या पायऱ्या काढा. सभागृह मागे, उंचावर, ठेंगणं बसवा.

त्रिपुरीच्या अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेलं कमानिया गेट आजही उभं आहे. ते नदीवर नाही, जबलपूरच्या भर बाजारात आहे. तिलवाऱ्याला मात्र संक्रांतीची जत्रा अजून भरते.