ओटा भिंतीपासून सुटतो तेव्हा

घराची दुरुस्ती काढली की आधी बैठकीची खोली सजते. स्वयंपाकघराची पाळी शेवटी, उरलेल्या पैशांत येते. ज्या खोलीत घरातील बाई दिवसाचे कित्येक तास उभी असते, तिचाच विचार सर्वांत कमी होतो. आता खोलीच्या मधोमध सुटा ओटा, म्हणजे ‘आयलंड’ करण्याचा विषय आपल्या घरांतही निघतो. हा नुसता थाट आहे की गरज?

1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या घरकुलांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. बाईची पायपीट वाचावी हा त्यामागचा हेतू. पण त्या अरुंद खोलीत एकटीच काम करू शके. आपल्याकडचा ओटाही तसाच: तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे.

रमजानमध्ये असरनंतर एकीला फळे चिरायची असतात, दुसरीला भजी तळायची. मधला ओटा असला की दोघी समोरासमोर उभ्या राहतात, मुलेही हात लावतात. पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात मदत करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे सही बुखारीत नमूद आहे. मदतीला उभे राहायला जागा तरी हवी!

आमच्या घराचे काम काढले तेव्हा आम्ही आधी फरशीवर खडूने ओट्याचा आकार आखला आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरलो. हिशेब सोपा आहे. भिंतीचा ओटा 2 फूट, मधली वाट 3 फूट, आयलंड अडीच फूट, पलीकडची वाट 3 फूट. एकूण साडेदहा फूट. खोली याहून अरुंद असेल तर चाकांचे टेबल बरे.

उंची बाईच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ठेवावी. आम्ही एक बाजू जेवणाच्या टेबलाइतकी खाली घेतली. गुडघे दुखणाऱ्या अम्मी आता तिथे खुर्चीवर बसून भाजी निवडतात.

दगड निवडताना आपला जिल्हा हळदीचा, हे विसरू नये. पांढऱ्या संगमरवरावर हळदीचा डाग बसतो. लिंबू-चिंचेच्या आंबटाने संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा यांची चमक जाते. काळा ग्रॅनाइट हे सोसतो, मात्र वजनाला भारी: 5 बाय अडीच फुटांची 18 मिलिमीटर जाडीची लादी साधारण 56 किलो भरते. म्हणून खाली विटांचे पक्के बांधकाम किंवा लोखंडी सांगाडा हवा.

विजेचा पाइप फरशी बसवण्यापूर्वीच टाकून घ्यावा. शेगडी मात्र भिंतीच्या ओट्यावरच राहू द्यावी. गॅसची रबरी नळी फरशीखालून नेणे धोक्याचे असते. ती डोळ्यांसमोर हवी.

शेवटची गोष्ट खर्चाची. ‘खा, प्या, पण उधळपट्टी करू नका’ हा सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीतील आदेश स्वयंपाकघराला तर थेट लागू पडतो. व्याजाचे कर्ज काढून ओटा बांधण्यापेक्षा यंदा बांधकाम आणि पुढच्या वर्षी कप्पे, असे टप्प्याने करता येते. आणि गवंड्याला माप सांगण्याआधी एकदा तिला विचारा, जिला तिथे उभे राहायचे आहे.